विज्ञानकथेचे पुरस्कार आणि लेखिकांची नावे : पार्श्वभूमी

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. कोकणात वाचणाऱ्या बायकांना तोटा नाही. तरीही इथल्या ग्रंथालयात विज्ञानकथा मागितली, तर समोर येणारी पुस्तके बहुधा नारळीकर, फोंडके, लोंढे, घाटे यांची असतात. शुभदा गोगटे किंवा मेघश्री दळवी यांची पुस्तके नाव घेऊन मागावी लागतात. पुरस्कारांचा इतिहासही असाच आहे, आणि त्याचे मूळ परीक्षकांच्या बैठकीच्या बरेच आधी, कथा कोणाच्या नावाने पाठवायची या निर्णयात सापडते.

अमेरिकेतला ह्यूगो पुरस्कार १९५३ साली सुरू झाला, पण कथासाहित्यासाठी तो लेखिकेला मिळायला १९६८ साल उजाडले, आणि तेव्हाही अ‍ॅन मॅकॅफ्री यांना तो एका लेखकाबरोबर विभागूनच मिळाला. कादंबरीचा मान १९७० मध्ये उर्सुला ले ग्विन यांना लाभला. अ‍ॅलिस शेल्डन यांनी मात्र मुरंब्याच्या बरणीवरून उचललेले ‘टिपट्री’ हे आडनाव लावून ‘जेम्स टिपट्री ज्युनियर’ म्हणून लिहिले आणि १९७४ चा ह्यूगो त्याच नावावर मिळवला. ही शैली स्त्रीची असूच शकत नाही, असा निर्वाळा एका मान्यवर लेखकाने १९७५ मध्ये छापील स्वरूपात दिला होता; दोनच वर्षांनी खरे नाव उघड झाले.

आपल्याकडे नाव लपवल्याचा प्रसिद्ध प्रसंग नेमका उलटा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. मंगलाताई स्वतः गणितज्ञ होत्या. प्रसिद्धीचा लाभ नको म्हणून नाव झाकणे आणि नावामुळे कथा बाजूला पडेल म्हणून ते झाकणे, यांतले अंतर मोठे आहे.

पुढे चित्र पालटले. एन. के. जेमिसिन यांनी २०१६ ते २०१८ असा सलग तीनदा कादंबरीचा ह्यूगो मिळवला. ब्रिटनमधल्या क्लार्क पुरस्काराचा पहिला मान तर १९८७ मध्येच मार्गारेट अ‍ॅटवुड यांना मिळाला होता. पण त्याच पुरस्काराच्या २०१३ च्या अंतिम यादीतले सहाही लेखक पुरुष होते, आणि परीक्षकांत मात्र स्त्रियांचे बहुमत होते. हा पुरस्कार प्रकाशकांनी पाठवलेल्या पुस्तकांतून निवडला जातो, म्हणून निम्मी चाळण आधीच झालेली असते.

मराठीतही मानाच्या जागी हेच दिसते. अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद कुसुमावती देशपांडे यांच्यापासून तारा भवाळकरांपर्यंत सहा स्त्रियांनी भूषवले. विज्ञानकथेसाठी ओळखली जाणारी त्यांत एकही नाही. रत्नागिरी (१९९०) आणि चिपळूण (२०१३) इथल्या संमेलनांचे अध्यक्ष पुरुषच होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या मुलींना विज्ञान परके नाही. पण स्थानिक कथास्पर्धांत विज्ञानकथेचा स्वतंत्र गट क्वचितच असतो, आणि त्यांची कथा सामाजिक कथांच्याच गठ्ठ्यात वाचली जाते.