शिक्षेनं नक्की कोण शिकतं?

दहावीच्या जुन्या बॅचचा स्नेहमेळावा असला की कोल्हापुरात एक वाक्य हमखास कानावर पडतं : "सरांनी धुतलं, म्हणून आम्ही माणसात आलो." टाळ्याही पडतात. पण मेळाव्याला येतात ते टिकलेले. मार चुकवायला सातवीत शाळा सोडून गुऱ्हाळावर कामाला लागलेला त्या हॉलमध्ये नसतो, त्यामुळे त्याचं मत कुणी मोजत नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. पोरगं वर्गात बसावं म्हणून जिथं एवढा खटाटोप झाला, तिथं त्याला वर्गाबाहेर उभं करणं इतकं अंगवळणी कसं पडलं?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. छडी बरीचशी गेली. ओरडणं राहिलं. ते का राहतं, यात मानसशास्त्रातली मला सगळ्यात आवडणारी गंमत आहे.

साठ पोरांचा वर्ग, गणिताचा तास, मागच्या बाकांवर कलकल. बाई डस्टर आपटून ओरडतात, एकाला बाहेर काढतात. चिडीचूप. आता इथं कोण काय शिकलं ते बघा. नकोशी गोष्ट एखाद्या कृतीनं थांबली की ती कृती पुढच्या वेळी जास्त होते. याला ऋण प्रबलन म्हणतात. कलकल थांबली, म्हणजे बाईंच्या ओरडण्याला प्रबलन मिळालं. बोलणाऱ्या पोराकडं एकदम साठ माना वळल्या. हवंसं काही मिळालं म्हणून कृती वाढली, की ते धन प्रबलन. ते त्याला मिळालं. आणि ज्याला बाहेर काढलं, त्याची अपूर्णांकांच्या गणितातून सुटका झाली. त्यालाही ऋण प्रबलन. तिघांनाही बक्षीसच मिळालं! दोन मिनिटांत कलकल पुन्हा सुरू होते हे खरं, पण लांबच्या परिणामापेक्षा लगेच हाती पडणारा परिणाम वर्तनावर जास्त जोर धरतो. म्हणून बाई उद्याही ओरडणार, आणि 'ओरडल्याशिवाय ही पोरं ऐकतच नाहीत' असं मनापासून म्हणणार.

शिक्षेनं वर्तन पुसलं जात नाही, तेवढ्यापुरतं दबतं, हे नुसतं तर्कट नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरनं १९३८ मध्ये कळ दाबून खाणं मिळवायला शिकलेल्या उंदरांना कळ दाबल्यावर खाणं द्यायचं बंद केलं. त्यातल्या काहींना सुरुवातीला कळ दाबताच पंजावर फटका बसे. फटका होता तोवर त्यांचं दाबणं घटलं. तो थांबल्यावर त्यांनी सगळी कसर भरून काढली. शेवटी दोन्ही गटांची एकूण बेरीज जवळपास सारखी. दणदणीत, तत्काळ आणि दर वेळी न चुकता मिळणारी शिक्षा वर्तन दाबून ठेवते, हेही नंतर प्रयोगांत दिसलं. पण तशी शिक्षा शाळेत शक्य नाही आणि असूही नये.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या पहिलीच्या एका वर्गात मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षिकांना 'खाली बस' हे मुद्दाम जास्त वेळा म्हणायला लावलं. मुलं जास्त उभी राहू लागली. बसलेल्या मुलांचं कौतुक सुरू केल्यावर उभं राहणं कमी झालं. प्रत्येक 'खाली बस'नंतर मूल खाली बसतच होतं, म्हणून शिक्षिकेला उपाय लागू पडल्यासारखा वाटे. आपल्याकडं मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो, पुन्हा बोललं की नावापुढं फुली. चार फुल्यांचा गडी मधल्या सुट्टीत हिरो असतो. गप्प बसलेल्यांचं नाव मात्र वर्षभर फळ्याला लागत नाही.

 

नीट वागणाऱ्याकडं लक्ष द्यायचं, हे सूत्र एका बाईंच्या वर्गापुरतं न ठेवता शाळाभर लावायची पद्धत अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात उभी केली. तीन ते पाच नियम, तेही 'हे करा' अशा भाषेत, आणि ते जिथं पाळायचे तिथं नेऊन शिकवायचे. रांगेचा नियम परिपाठाला माईकवरून सांगून भागत नाही, नळापाशी उभं राहून करून दाखवावा लागतो. सगळ्या मुलांसाठी हा पाया. साधारण ऐंशी टक्क्यांना तो पुरतो, पंधराएक टक्क्यांना लहान गटात जादा मदत लागते, उरलेल्या पाचेकांसाठी एकेकाचा वेगळा विचार.

मला यातली नोंदवही सगळ्यात मोलाची वाटते. कोण, एवढंच लिहायचं नाही. कुठं, किती वाजता, आधी काय चाललं होतं, नंतर त्याला काय मिळालं. समजा राजारामपुरीतल्या एखाद्या शाळेत महिनाभर अशी वही ठेवली आणि निम्म्या मारामाऱ्या मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी निघाल्या. तीन तोट्या, चारशे पोरं. मग पाचवी-सहावीची सुट्टी दहा मिनिटं आधी सोडायची आणि तिथं एक सर उभे करायचे. कुणाच्या पालकांना बोलवायची गरज नाही.

जादू मात्र समजू नका. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात ३७ प्राथमिक शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटून ही पद्धत तपासली. वर्तनाच्या तक्रारी घटल्या, पण फरक बेताचाच होता. बक्षिसांचंही तसंच. १९७३ च्या एका प्रयोगात चित्र काढायची मुळात आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर नंतर ती स्वतःहून कमी चित्रं काढू लागली. त्यामुळं कार्डं आणि स्टार वाटत सुटण्यात अर्थ नाही. तालमीत वस्ताद ढाकेचा डाव नीट बसला त्याच क्षणाला, कमरेचं वळण कसं बरोबर पडलं ते सांगून शाब्बास म्हणतो. वर्गातलं कौतुक तसं हवं, लगेच आणि नेमकं.

आणि पहिल्या पंधरवड्याची तयारी ठेवा. लक्ष मिळायचं बंद झालं की कित्येकदा मूल आधी जास्त दंगा करतं. आजवर चालणारं बटण चालेना म्हणून ते जोरात दाबतं. मानसशास्त्रात या उसळीची नोंद जुनी आहे. नेमकं तेव्हाच स्टाफरूममध्ये कुणीतरी "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणतं आणि एखादे सर वैतागून ओरडतात. म्हणजे वाढलेल्या दंग्याला हवं ते लक्ष मिळालं, आणि पुढच्या वेळी पोरगं थेट तिथूनच सुरुवात करतं.