धमकीचा गुन्हा : दखलपात्र की अदखलपात्र?

भारतीय दंडसंहितेतील ३२३ (मारहाण), ५०४ (चिथावणीखोर अपमान), ५०६ (धमकी) ही कलमांची त्रयी भांडणतंट्यापायी पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. १८६० च्या दंडसंहितेने साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत, तर जिवे मारण्याच्या, गंभीर दुखापतीच्या किंवा आग लावून मालमत्ता नष्ट करण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या अनुसूचीत मात्र कलम ५०६ चे दोन्ही भाग अदखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता न येणारे, आणि जामीनपात्रच राहिले. त्यामुळे ‘जिवंत सोडणार नाही’ हे शब्द ऐकून ठाण्यात आलेल्या माणसाच्या हाती बहुधा एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, प्रत पडते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही.

या नियमाला अपवाद करण्याची वाट १९३२ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाने काढली. सविनय कायदेभंग ऐन भरात असताना, पिकेटिंगला, म्हणजे दुकानांपुढच्या निदर्शनांना, आळा घालण्यासाठी आलेल्या या कायद्याच्या कलम १० नुसार प्रांतिक सरकारला नुसत्या अधिसूचनेद्वारे ठरावीक क्षेत्रापुरते ५०६ दखलपात्र आणि अजामीनपात्र करता येऊ लागले. सत्याग्रह्यांविरुद्ध घडवलेले हे हत्यार स्वातंत्र्यानंतर मोडीत निघेल, अशी अपेक्षा गैर नव्हती. प्रत्यक्षात राज्य सरकारांनी ते जपून ठेवले.

गोव्यात १९७३ मध्ये अशी अधिसूचना निघाली आणि १ एप्रिल १९७४ पासून नवी प्रक्रिया संहिता लागू झाली. कलम १० चा रोख १८९८ च्या जुन्या संहितेवर होता. ती संहिताच रद्द झाल्यावर तिच्या संदर्भाने काढलेली अधिसूचना उरते काय, हा वाद त्यातून निघाला. उत्तर प्रदेशातील १९८९ च्या अधिसूचनेवर तर एकाच उच्च न्यायालयाच्या पीठांनी परस्परविरोधी निकाल दिले. गोव्यातील एका प्रकरणात उच्च न्यायालयाने गुन्हा दखलपात्र मानण्यास नकार दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जुन्या संहितेचा उल्लेख नव्या संहितेचाच समजावा, हे तत्त्व त्यामागे होते. तर्क कायद्याच्या चौकटीत बसतो, पण त्यामुळे एकच धमकी सीमेच्या अलीकडे जामिनाची आणि पलीकडे कोठडीची ठरू शकते, ही विसंगती कायम राहते.

याआधी, २०१५ मध्ये, बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका अधिकाऱ्याविरुद्ध तक्रारवजा मजकूर लिहिणाऱ्या दांपत्यावरचा गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयानेच, समोरच्याला भयभीत करण्याचा हेतू नसेल तर नुसत्या शब्दांनी ५०६ लागू होत नाही, असे स्पष्ट केले होते.

१ जुलै २०२४ पासून धमकीची व्याख्या करणारे ५०३, शिक्षेचे ५०६ आणि निनावी धमकीचे ५०७ ही कलमे दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये एकवटली असून ‘कोणत्याही मार्गाने’ दिलेली धमकी त्यात येते. प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीतही सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेला धमकीचा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्रच आहे. जुन्या अधिसूचनांत मात्र अजून ५०६ हाच आकडा छापलेला आहे, आणि तो ३५१ असा वाचायचा की नाही, यावर आता नव्याने युक्तिवाद होतील.