आधी माप, मग सायकल

रोजच्या जाण्यायेण्यासाठी किंवा लांबच्या प्रवासासाठी सायकल घ्यायची असेल आणि हाताशी पैसे मोजके असतील, तर सायकलचा कोणता भाग पुढे बदलता येईल आणि कोणता येणार नाही, हे आधी समजून घ्यावे. सीट, टायर, पेडल, चेन या वस्तू झिजतात व केव्हातरी बदलाव्याच लागतात. फ्रेम मात्र ज्या मापाची घेतली त्याच मापाची राहते. तरीही खरेदीच्या वेळी चर्चा रंगते ती गिअर किती आहेत याची, आणि फ्रेम दुकानात उभी असेल ती पत्करली जाते.

मोजायची ती एकूण उंची नव्हे, तर पायांची लांबी. भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभे राहावे, दोन्ही मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक आडवे धरून सीटवर बसल्यावर जाणवतो तितका दाब येईपर्यंत वर सरकवावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे. या अंतराला 0.883 ने गुणले की क्रँकच्या (पेडल ज्याच्या टोकाला असते त्या दांड्याच्या) आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. अमेरिकी शर्यतपटू ग्रेग लेमाँ यांच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते. अंतर 80 सेंटीमीटर असेल, तर सीट सुमारे 70.6 सेंटीमीटरवर हवी. अर्थात क्रँकची लांबी किंवा बुटाच्या तळाची जाडी या सूत्रात धरलेली नाही, म्हणून अंतिम निर्णय गुडघ्यावर सोपवावा: पेडल सर्वांत खाली असताना गुडघा पूर्ण सरळ न होता साधारण 25 ते 35 अंशांत वाकलेला असावा. सीट याहून खाली असेल तर जास्त वाकलेल्या गुडघ्यावर जोर पडून वाटीमागचा दाब वाढतो आणि गुडघा समोरून दुखू लागतो. फार वर असेल तर पेडलपर्यंत पाय पुरवण्यासाठी कंबर दोन्ही बाजूंना डुलते.

सीटची उंची निदान वरखाली करता येते. सीट आणि हँडल यांमधील अंतराचे तसे नाही, आणि चूक होते ती बहुधा येथेच. सीट थोडी पुढे सरकवता येते, पण त्यामुळे गुडघा आणि पेडल यांचा जुळलेला मेळ बिघडतो. हँडल धरणारा स्टेम बदलून एकदोन सेंटीमीटरचा फरक भरून निघतो, त्यापलीकडे गेल्यास सायकल वळवण्याची ढब बदलते. हे अंतर जास्त असले की धडाचा भार तळहातांवर येतो, करंगळीच्या बाजूने जाणारी नस मनगटापाशी दाबली जाते आणि करंगळी व अनामिका बधिर होतात. दुकानासमोर मारलेल्या दोन फेऱ्यांत यातले काहीच कळत नाही, त्यामुळे शक्य असेल तर निदान अर्धा तास सायकल चालवून पाहण्याचा आग्रह धरावा.

वरची दांडी जमिनीला समांतर असे, तेव्हा सीटखालच्या नळीच्या लांबीवरून फ्रेमचे माप पुरेसे समजत असे. उतरत्या दांडीच्या फ्रेममध्ये या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. एका उत्पादकाची मध्यम फ्रेम दुसऱ्याच्या मोठ्या फ्रेमएवढी असू शकते. त्याऐवजी उत्पादकाच्या तक्त्यातील स्टॅक आणि रीच हे आकडे पाहावेत: क्रँकच्या आसापासून हँडलखालच्या पुढच्या नळीचे वरचे टोक किती उंच आहे आणि किती पुढे आहे, हे ते सांगतात. स्टॅक कमी असला की जास्त वाकून बसावे लागते. पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्याला खूप वाकून फारसे काही मिळत नाही. दोन मापांमध्ये मन अडकले, तर रीच झेपणारा असून स्टॅक जास्त आहे ती फ्रेम मी सुचवेन.

सामान लादून प्रवास करायचा असेल, तर गिअरच्या संख्येपेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे हे महत्त्वाचे. स्वार, सायकल आणि सामान मिळून 100 किलो वजन 5 टक्के चढावर न्यायचे आहे, चाकाचा परीघ 2.1 मीटर आहे आणि पेडल मिनिटाला 60 फेरे घेत आहे असे धरू. पुढच्या, म्हणजे पेडलजवळच्या, दातेरी चक्राला 42 आणि मागच्या चाकावरच्या चक्राला 28 दाते असतील, तर केवळ चढण्यासाठी सुमारे 155 वॅट शक्ती लागते. पुढेही 28 दाते असतील तर सुमारे 103 वॅट. वेग अर्थातच कमी होतो, पण तासभर टिकते ती ही दुसरी लय. याखेरीज कॅरिअर बसवण्यासाठी फ्रेमला आट्यांची छिद्रे आहेत का, रुंद टायर मावतो का आणि मागे पिशव्या लावल्यावर टाच त्यांना घासते का, हे पाहावे, कारण हेही पुढे बदलता येत नाही. स्वस्त सायकलीवरचा, पुढचे चाक धरणारा स्प्रिंगचा चिमटा मात्र टाळावा. तो वजन वाढवतो आणि उभे राहून पेडल मारताना शक्ती गिळतो.

बचत सर्वाधिक होते ती वापरलेल्या सायकलीत. तेथे रंगाकडे पाहू नये, नळ्यांच्या जोडांपाशी तडे शोधावेत आणि सीट धरणारी नळी फ्रेममध्ये वरखाली सरकते का ते स्वतः सरकवून पाहावे. पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची नळी वर्षानुवर्षे तशीच राहिली तर गंजून जखडते, आणि मग उत्तम फ्रेमही कोणाच्याच मापाची होत नाही. चेन पट्टीने मोजावी. एकाआड एक खिळ्यांमधील अंतर एक इंच असते, म्हणून अशा बारा टप्प्यांचे माप बरोबर 12 इंच, म्हणजे 304.8 मिलिमीटर, भरले पाहिजे. दीड मिलिमीटर वाढ असेल तर चेन बदलावी लागेल. तीन मिलिमीटर असेल तर बहुधा मागची दातेरी चक्रेही झिजलेली असतात, तेव्हा तेवढा खर्च धरूनच किंमत ठरवावी.