मीटरच वीज पितो तेव्हा

‘पावलांपासून वीज’ हा मुंबईतल्या इंजिनिअरिंग प्रोजेक्टांचा सदाबहार विषय. दादरच्या पुलावरची गर्दी बघितली की तो कुणालाही सुचतो. लॅमिंग्टन रोडवरून पीझोच्या, म्हणजे दाबलं की वीज देणाऱ्या पदार्थाच्या, चकत्या आणायच्या, जरा हौस असेल तर त्याची पातळ फिल्म मागवायची, दोन तारा जोडून मल्टिमीटर लावायचा आणि दाबत बसायचं. आकडा शून्याच्या आसपास घुटमळतो, नाहीतर मध्येच भलतीच उडी मारतो. मग फिल्म बाद ठरते. खरं तर बहुतेक वेळा तिचा काही दोष नसतो.

काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार जमतो, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकमध्ये हाच गुण चांगला जोरकस आणता येतो, हे जपानच्या हेइजी कावाई यांनी १९६९ मध्ये. बाजारातल्या बहुतेक पीझो फिल्म याच प्लास्टिकच्या असतात; केसाहूनही पातळ, दोन्ही अंगांना धातूचा मुलामा.

आता २८ मायक्रोमीटर जाडीचा, एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेऊ. तो म्हणजे साधारण ३८० पिकोफॅरडचा कपॅसिटर, भार साठवणारा घटक (फॅरड हे त्याच्या साठवणक्षमतेचं, म्हणजे कपॅसिटन्सचं, एकक; पिको म्हणजे लाख कोटीवा भाग). त्यावर बोटाने १० न्यूटन, म्हणजे किलोभर वजनाइतका जोर दिला, तर जेमतेम २०० पिकोकूलॉम भार तयार होतो. भाराला कपॅसिटन्सने भागलं की अर्धा व्होल्ट. मल्टिमीटरवर हा अर्धा व्होल्ट दिसायला काय हरकत आहे?

हरकत मल्टिमीटरचीच आहे. त्याचा इनपुट रोध, म्हणजे मोजताना तो स्वतः विजेला करतो तो अडथळा, साधारण १० मेगाओम. घरातल्या वायरिंगसाठी हा आकडा प्रचंड, पण इथे तो फुटक्या मडक्यासारखा: ओंजळभर पाणी ओतेपर्यंत निम्मं गळून जातं. ३८० पिकोफॅरडवरचा भार १० मेगाओममधून सुमारे चार मिलिसेकंदांत ओसरतो. बोटाला दाबायला लागतात शंभरेक मिलिसेकंद. म्हणजे २०० पिकोकूलॉम त्या वेळात २ नॅनोअँपिअरच्या धारेने येतात आणि येतील तसे वाहून जातात. त्या रोधावर उरतात २० मिलिव्होल्ट. पडद्यावर व्होल्टेजची रेषा काढणाऱ्या ऑसिलोस्कोपला साधी वायर लावली तर त्याचा रोध १ मेगाओम, मग फक्त २ मिलिव्होल्ट. फिल्म तीच, बोट तेच, आणि उत्तरं तीन. शिवाय मल्टिमीटर सेकंदाला दोन-चारदाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणभराची उसळी त्याच्या हाती लागली तर नशीब.

म्हणून आधी ऑसिलोस्कोप, आणि त्याला दहापट प्रोब, म्हणजे त्याचा रोध १० मेगाओमवर नेणारी मोजणीची तार. ठोका मारणं, कंपनं अशा जलद गोष्टींना एवढं पुरतं. पण पडद्यावर नीट बघा: दाबताना एक टोक वर, सोडताना एक टोक खाली, आणि मधल्या वेळात बोट दाबूनच असलं तरी रेषा सपाट. ती सपाट रेषा म्हणजे गळून गेलेला भार. सावकाश दाब, श्वास किंवा नाडी मोजायची तर इलेक्ट्रोमीटर हवा. त्याचा इनपुट रोध १०० टेराओमच्याही वर, म्हणजे एकावर चौदा शून्यं. किंमतही त्याच तोऱ्यातली.

दुधाची तहान ताकावर भागवायची असेल, तर चार्ज अ‍ॅम्प्लिफायर. फिल्मवरचा भार गळण्याआधीच एका कपॅसिटरवर गोळा करून त्याचं व्होल्टेज दाखवणारं हे छोटं सर्किट. मला विचाराल तर बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी. सीए३१४० सारखी स्वस्त आयसी, फीडबॅकला १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १ गीगाओमचा रोध. आपले २०० पिकोकूलॉम ०.२ व्होल्ट होऊन दिसतात आणि सेकंदभर टिकतात. गीगाओमचा रोध दुकानात सहज मिळत नाही. फिल्म दाबायची नसून ताणायची किंवा वाकवायची असेल तर तो लागतही नाही: अशा वेळी भार कैक पटींनी जास्त, नॅनोकूलॉममध्ये येतो आणि १०० नॅनोफॅरडबरोबर १० मेगाओमवर काम भागतं. यात आणखी एक सोय आहे. एरवी मीटरभर केबल स्वतःचे शंभरेक पिकोफॅरड मिसळून अर्ध्या व्होल्टचे ०.४ करते, चार्ज अ‍ॅम्प्लिफायरला केबलच्या लांबीचा फारसा फरक पडत नाही.

वॉट मोजायला निघालात तर घोटाळा वाढतो. जास्तीत जास्त शक्ती मिळते ती फिल्मला जुळणाऱ्या रोधावर. सेकंदाला दोन पावलं धरली तर आपल्या तुकड्यासाठी तो २०० मेगाओमच्या घरात जातो. त्यावर १० मेगाओमचा प्रोब टेकवला की प्रोबच लोड, म्हणजे वीज खाणारा भाग, होऊन बसतो. तारा मोकळ्या ठेवून मिळालेलं व्होल्टेज गुणिले शॉर्ट करून मिळालेला करंट, हा हिशोब प्रोजेक्टच्या पोस्टरवर दिमाखदार दिसतो, पण तेवढी शक्ती कुठल्याच लोडला कधी मिळत नाही.

आणि हे सगळं मुंबईत करायचं! जुलैच्या दमट हवेत साध्या पीसीबीच्या (सर्किटच्या पाटीच्या) पृष्ठभागावरून, बोटाच्या ठशावरून भार सरपटत जातो. नाजूक जोड टेफ्लॉनवर घ्यावेत, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, डब्यात सिलिका जेल ठेवावं. डबा धातूचा असावा आणि अर्थ केलेला, नाहीतर ट्यूबलाइटच्या वायरिंगमधले ५० हर्ट्झ तुमच्या सिग्नलवर नाचत राहतात. थंडीतल्या कोरड्या हवेत उलटा त्रास: बोट आणि फिल्म यांच्या नुसत्या घासण्यानेच भार तयार होतो आणि आकडे उगाच फुगतात. पडताळा सोपा आहे. फिल्म उलटी करून तसंच दाबा. सिग्नल पीझोचा असेल तर तोही उलटा होईल; नाही झाला, तर तो घासण्याचा किंवा वायरिंगचा.