नालीतला डास आणि कूलरमधला डास

पावसाळ्यात इंदूरमध्ये कुणाला डेंग्यू झाला की शेजारीपाजारी ठरवून टाकतात: "मागची नाली तुंबलीय ना, म्हणून." पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: "2017 पासून स्वच्छतेत आपला पहिला नंबर, मग डेंग्यू कसा?" दोन्हींच्या मुळाशी घोटाळा एकच. दोन वेगळे डास आपण एक समजतो.

नालीतला डास म्हणजे क्यूलेक्स. तो सगळ्यांच्या ओळखीचा. मळकट तपकिरी, रात्री कानाशी गुणगुणणारा, घाण पाण्यात वाढणारा. तो हत्तीपाय पसरवतो, डेंग्यू नाही. नाल्या वाहत्या ठेवल्या की तो कमी होतो.

डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा एडिस दिवसा चावतो, त्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. इथवर बरेच जण सांगू शकतात. पुढचं फार थोड्यांना माहीत असतं, आणि सगळं अडतं ते तिथेच.

क्यूलेक्सची मादी अंडी पाण्यावरच घालते. ती एकमेकांना चिकटून तराफ्यासारखी तरंगतात. पाणी आटलं की संपली. एडिसची मादी मात्र अंडी भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. काळी, खसखशीहून बारीक. एका खेपेची शंभरेक अंडी ती वेगवेगळ्या भांड्यांत वाटून टाकते. ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जगतात. पाणी चढून ती भिजली की अळ्या बाहेर पडतात, आणि आठ-दहा दिवसांत डास उडू लागतो.

आता आपला कूलर घ्या. हंगाम संपला की पाणी ओतून आपण तो माळ्यावर टाकतो. एप्रिलमध्ये पुन्हा भरला की गेल्या वर्षीची अंडी जागी होतात. पाणी ओतलं होतं हे खरं, पण टाकी कुणी घासली होती? हौदाचं आणि पिंपाचं तेच. बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून साठवावं लागतं. पातळी उतरते, चढते, आणि कडेची अंडी पुन्हा भिजतात.

म्हणूनच धुराच्या गाडीचा आग्रह ऐकला की माझा संताप होतो. धूर लागतो तो त्या क्षणी उडणाऱ्या डासाला. एडिस घरात पलंगाखाली, पडद्यामागे बसलेला असतो, आणि अंड्यांना धुराने काहीही होत नाही.

"मग डास कायमचे नष्टच का करत नाहीत?" ब्राझीलने एडिसच्या बाबतीत ते करून दाखवलं होतं. घरोघरी भांडी तपासून, डीडीटी फवारून 1958 साली देश एडिसमुक्त जाहीर झाला. पण काही शेजारी देशांत डास उरला होता, पहारा सैल पडला, आणि 1980च्या दशकात तिथे डेंग्यूच्या साथी परतल्या. सुकी अंडी जुन्या टायरांतूनसुद्धा सीमा ओलांडतात.

शंभर धुराच्या गाड्यांपेक्षा मला घरात येऊन टाकीत टॉर्च मारणारा एक कर्मचारी जास्त मोलाचा वाटतो. त्याला दारातून परत पाठवू नका. आठवड्याचा एक वार ठरवून कूलर, पिंप, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करा आणि कडा ब्रशने खरवडून घासा. ते पाणी नालीत नको, उन्हातल्या कोरड्या मातीवर ओता.