उणे साठ अंशांत झाड जगतं कसं?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत डिसेंबरमध्ये एकांनी नर्सरीतून 'ख्रिसमस ट्री' आणलं. पाठोपाठ फॉरवर्ड आलं: बर्फातली झाडं पोटात उष्णता तयार करतात, म्हणून ती घरात ठेवली की सकारात्मक ऊर्जा मिळते. यात काहीही तथ्य नाही. आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणून विकलं जातं ते बहुतेकदा अरॉकेरिया असतं, दक्षिण पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं. कडाक्याची थंडी त्याला माहीतच नाही.

खरी बर्फातली झाडं तैगात, म्हणजे उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांत. अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया ते सैबेरिया असा स्प्रूस, फर, पाईन आणि लार्चचा पट्टा. सैबेरियात ओयम्याकोनला १९३३ मध्ये उणे ६७.७ अंश नोंदले गेले आणि त्याच्या आजूबाजूला लार्चचं जंगल आहे. हिवाळ्यात ही झाडं बाहेरच्या हवेइतकीच गार पडतात. मग मरत का नाहीत?

कोथिंबिरीची काडी फ्रीजरमध्ये ठेवून पाहा. बाहेर काढल्यावर ती काळपट, लिबलिबीत होते. पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक झाले, पेशींची पटलं फाटली, संपलं. तैगातलं झाड गोठणं टाळत नाही. बर्फ कुठे व्हायचा, ते ठरवतं. पेशींच्या मधल्या फटींत जवळजवळ शुद्ध पाणी असतं, ते आधी गोठतं. पेशीच्या आतलं पाणी साखर आणि क्षारांमुळे अजून द्रवच असतं. (कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो, तेच तत्त्व: विरघळलेला पदार्थ गोठणबिंदू खाली नेतो.) आता बाहेरचा बर्फ आतलं पाणी ओढून घेऊ लागतो. पाण्याचा रासायनिक विभव (म्हणजे रेणूंची जागा सोडून जाण्याची ओढ) बर्फात कमी, आतल्या द्रवात जास्त, म्हणून रेणू पटलातून बाहेर पडून बर्फाला मिळत राहतात. पेशी आक्रसते, आतला रस दाट होतो, त्याचा गोठणबिंदू आणखी उतरतो. पारा जितका खाली, तितका रस घट्ट. शेवटी तो चिक्कीच्या पाकासारखा होतो: कडक, पारदर्शक, पण स्फटिक एकही नाही. स्फटिकच नाहीत, तर फाडणार कोण?

मात्र पाणी बाहेर पडायला वेळ मिळायला हवा. १९६० मध्ये जपानचे अकिरा साकाई यांनी थंडीला सरावलेल्या फांद्या आधी सावकाश उणे ३० अंशांच्या आसपास नेल्या आणि मग थेट द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत बुडवल्या. त्या जिवंत निघाल्या! मला वनस्पतिशास्त्रात याहून सुंदर प्रयोग आठवत नाही.

हा सराव झाड दरवर्षी नव्यानं करतं. उन्हाळा सरताना दिवस लहान होऊ लागले की पानांतलं फायटोक्रोम हे प्रथिन ते ओळखतं. वाढ थांबते, कळ्या मिटतात, पिठूळ साठ्याची साखर होते, पटलांतली मेदद्रव्यं बदलतात. पहिली हिमं पडली की उरलेली तयारी पुरी होते. तोच स्प्रूस जुलैमध्ये उणे दहालाही टिकणार नाही. लार्च तर सुयाही, म्हणजे सुईसारखी पानंही, गाळून टाकतो, आपल्या येऊरच्या सागासारखा. कारण गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नाही, म्हणजे हिवाळा हा तिथला दुष्काळच.

आता अडचण इथे आहे. दिवसाची लांबी हवामान बदलानं बदलत नाही, तापमान बदलतं. ऐन थंडीत आठवडाभर अवेळी ऊब आली की झाड फसतं, पेशींत पाणी परत येतं, साखर खर्च होऊ लागते. आणि त्यानंतर पारा एका रात्रीत खाली घसरला की वसंतात तिथल्या डोंगरउतारावर हिरव्याऐवजी तांबूस सुया दिसतात.