एसीखालच्या बादलीचा हिशेब

नागपूरचा पाहुणा मे महिन्यात डोंबिवलीला आला की पहिल्या दिवशी हसतो. “चौतीस डिग्री? याला उन्हाळा म्हणता होय तुम्ही?” दुसऱ्या दिवशी दुपारी बनियन अंगाला चिकटलेलं असतं आणि तो विचारतो, “कूलर नाही का हो तुमच्याकडे?”

कूलर नाही, आणि तो नसण्याला कारण आहे. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता शोषून घेतं, एवढ्या एकाच गोष्टीवर कूलर चालतो. हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर वाफ होणार कशी? नागपुरात दुपारी 43 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर हवा 28-29 अंशांपर्यंत उतरवतो. मुंबईत 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असेल तर तोच कूलर हवा जेमतेम चार-पाच अंशांनी थंड करतो आणि बदल्यात घरात आणखी ओल सोडतो. वाळ्याचे पडदे विदर्भात शोभतात, कोकणात ते नुसते भिजतात.

आपलं शरीरही कूलरच आहे. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. घाम वाळण्याऐवजी निथळला, तर तो जवळपास फुकट गेला. म्हणून किनारपट्टीवरचा उकाडा आकड्यात कमी दिसतो आणि अंगाला जास्त जाणवतो. घर गार ठेवण्याचा खर्च कमी करायचा असेल तर इथे लढाई उन्हाइतकीच पाण्याशी आहे.

एसीचा जन्मही त्यासाठीच झाला. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतला ओलावा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखून दिली. कामगारांना गार वाटावं हा हेतू त्यात नव्हता, कागद नीट राहावा एवढाच होता.

आजचा एसीही दोन कामं करतो: हवा थंड करतो आणि तिच्यातलं पाणी पिळून काढतो. दुसरं काम आपल्या लक्षात येत नाही, पण त्याचं माप बाहेरच्या नळीतून टपकत असतं. त्या नळीखाली एक बादली ठेवून बघा. दहा लिटरची बादली भरली, म्हणजे तेवढ्या बाष्पाचं पाणी करायला एसीला, विजेच्याच मापात मोजली तर, साधारण 6.7 युनिट (किलोवॉट-तास) इतकी उष्णता बाहेर फेकावी लागली. चांगला एसी एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे एका बादलीमागे सुमारे दोन युनिट वीज, आणि त्यात खोलीचं तापमान एका अंशानेही उतरलेलं नाही.

आता हे पाणी आलं कुठून ते पाहू. बंद खोलीत झोपलेली दोन माणसं श्वासातून आणि त्वचेवाटे रात्रभरात साधारण पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. दहा बाय बाराच्या खोलीत सुरुवातीला असलेल्या दमट हवेतलं जादा पाणी पाव ते अर्धा लिटर. थोडं गादी-उशा, कपाटातले कपडे आणि भिंतींनी दिवसभर पिऊन ठेवलेलं. तरी सकाळी बादलीत सात-आठ लिटर पाणी दिसलं, तर बाकीचं बहुतेक फटींतून आलं. स्लायडिंग खिडकीच्या चौकटी, दाराखालची बोटभर जागा, जुन्या विंडो एसीच्या जागी ठोकलेला प्लायवूड. रबराची किंवा फोमची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळते, आणि माझ्या मते नवा एसी घेण्याआधी करायचा खर्च हा आहे. खोली हवाबंद करायची नाही, झोपणाऱ्यांना ताजी हवा लागतेच. पण दाराखालून रात्रभर वाहणारा झोत वेगळा.

घरातल्या घरात तयार होणारं पाणीही काही कमी नसतं. पंख्याखाली दोरीवर वाळत घातलेल्या मशीनभर कपड्यांतून दोन-तीन लिटर तरी उडतं. दुपारी “गार वाटावं” म्हणून ओल्या फडक्याने पुसलेली फरशी तसंच करते. सगळ्यात गमतीचा प्रकार गॅसचा. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलोहून थोडं जास्त पाणी बाष्परूपात तयार होतं, कारण त्यातल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो. 14.2 किलोचा सिलिंडर संपेपर्यंत त्यातून बावीस-तेवीस लिटर पाणी स्वयंपाकघरात आलेलं असतं, डाळ-भाताची वाफ वेगळीच. म्हणून स्वयंपाक चालू असताना एक्झॉस्ट फॅन चालू, स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि एसीच्या खोलीचं दार बंद. खिडकी बंद ठेवून एक्झॉस्ट लावला तर तो हवा बेडरूममधून ओढतो, आणि बेडरूममध्ये तेवढीच दमट हवा बाहेरून शिरते.

एसी किती टनांचा घ्यावा, इथेही ओलावा आडवा येतो. (हा टन बर्फाचा: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढं काम. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट.) लहान खोलीला मोठा एसी लावला तर तो पाच-दहा मिनिटांत हवा थंड करून थांबतो. पाणी काढायला कॉइल (एसीच्या आतली थंड नळ्यांची जाळी) बराच वेळ गार राहावी लागते, तेवढी सवड त्याला मिळत नाही, उलट कॉइलवर जमलेलं पाणी पंख्याच्या वाऱ्याने परत खोलीत येतं. खोली गार पण कुंद होते, मग माणूस रिमोट घेऊन 18 वर जातो. इन्व्हर्टर एसी कमी वेगाने सलग चालत असल्याने हा त्रास कमी होतो, तरी दुकानदाराच्या “दीडच घ्या, सेफ राहील” या सल्ल्याला खोलीचं माप दाखवावं. ड्राय मोड, म्हणजे हवा फार थंड न करता ओलावा काढण्याचं सेटिंग, जूनमध्ये, पाऊस लागल्यावर कामाचं. मेच्या भर दुपारी ते पुरत नाही.

1 जानेवारी 2020 पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलवाल्या एसींचं मूळ सेटिंग 24 अंशांचं असतं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने सेटिंग एक अंश वर नेलं की वीज सुमारे सहा टक्के वाचते. एसी 26-27 वर आणि छताचा पंखा मंद चालू, हे जमून जातं, कारण अंगावरून वारा फिरला की तीच हवा दोन-तीन अंशांनी गार वाटते. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा खोली कणभर तापवतोच.

पंख्यापुढे बर्फाचं भांडं ठेवायचा उपाय दर उन्हाळ्यात फिरत असतो. किलोभर बर्फ वितळून त्याचं पाणी खोलीइतकं होईपर्यंत जेवढी उष्णता शोषतं, तेवढी एक टनाचा एसी दोन मिनिटांत काढतो. आणि तो बर्फ करताना फ्रिजने त्याहून जास्त उष्णता मागच्या बाजूने घरातच सोडलेली असते.

उन्हाचं म्हणाल तर मुंबई 19 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. दक्षिणेच्या खिडकीतून त्या दिवसांत ऊन जवळजवळ येतच नाही, मार बसतो तो गच्चीला, आणि संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग द्यावा. काळपट स्लॅब दुपारी साठ अंशांच्या घरात जातो, पांढरा त्याहून कितीतरी गार राहतो. रात्री दहाला छताला हात लावून पाहिलंत तर फरक कळतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चिक किंवा शेडनेट बांधलेलं बरं. ऊन काचेच्या आत आलं की त्यातली बरीच उष्णता घरातच राहते, पडदा फक्त ती स्वतःवर घेतो. कोकणातल्या घरांना उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी आणि उन्हाळ्यात अंगणात झापांचा मांडव असतो. तिथे ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही.

राहिला पंखा, जो एसी नसलेल्या घरातही दिवसाचे पंधरा तास फिरतो. साधा पंखा 75 वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा 30 वॉटच्या. एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे साठ. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटांना दर बदलतो आणि वाढीव दर फक्त त्या टप्प्यापुढच्या युनिटांना लागतो. म्हणून वाचलेली युनिटं नेहमी वरच्या, महाग टप्प्यातली असतात. मेचं बिल 340 युनिटांचं येत असेल, तर हे साठ युनिट तुम्हाला 280 वर आणतात आणि त्यातले पहिले चाळीस त्या बिलातल्या सगळ्यात महाग दराचे असतात.